केनेडींच्या कारकिर्दीकडे पाहताना

महोदय,

अमेरिकेतील उदारमतवाद्यांनी सिनेटमध्ये केवळ भाषणे केली, हा आक्षेप डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यापुरता तरी मुळीच टिकत नाही. १९६५ पूर्वी भारताला स्थलांतरितांचा वार्षिक कोटा अवघा १०० होता. ही देशनिहाय कोटापद्धत मोडीत काढणारे, इमॅन्युएल सेलर आणि फिलिप हार्ट या ते मांडणाऱ्या दोन लोकप्रतिनिधींच्या नावाने ओळखले जाणारे स्थलांतर विधेयक सिनेटमध्ये तडीस नेण्याची जबाबदारी तरुण केनेडींनी पेलली, आणि ते ७६ विरुद्ध १८ मतांनी संमत झाले. त्या कायद्यामुळेच माझे वडील १९७१ साली न्यू जर्सीला येऊ शकले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पदवीच्या प्रमाणपत्राशेजारी आजीने बांधून दिलेली गोड्या मसाल्याची पुरचुंडी होती, आणि ती ट्रंक आजही आमच्या घरी आहे.

केनेडींचे मित्र केवळ स्वपक्षातलेच होते, असेही नाही. १९९७ मध्ये रिपब्लिकन ऑरिन हॅच यांना सोबत घेऊन त्यांनी सिगारेटवरील वाढीव करातून मुलांच्या आरोग्यविम्याची सोय करून घेतली. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या शिक्षण कायद्याला त्यांनी दिलेली साथ मला चुकीची वाटते, कारण त्यातून शाळांवर परीक्षांचे ओझे वाढले. परंतु २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला विरोध करणाऱ्या २३ सिनेटरांमध्ये ते होते, तर त्यांच्याच पक्षातील बहुसंख्य सिनेटर ठरावाच्या बाजूने गेले. स्थलांतरितांवर सरसकट टीका करणाऱ्या आपल्याच मराठी बांधवांनी, आपण इथे कोणाच्या मतांमुळे आलो, हे १९६५ च्या त्या मतदानात पाहावे.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी