मर्सियाची स्वामिनी

चि. लेकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या पत्रात तू लिहिलेस की तिथल्या मैत्रिणींच्या बोलण्यात इंग्लंडचा इतिहास १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईपासून सुरू होतो आणि त्याआधीचे सारे काही धूसरच राहते. तू राहतेस ते बर्मिंगहॅम जुन्या मर्सिया राज्याच्या भूमीवर वसले आहे. त्या राज्याचा कारभार एथेलफ्लेड नावाच्या एका स्त्रीने पाहिला होता. वर्गात तिला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून आज तिच्याविषयीच लिहिते.

नवव्या शतकात इंग्लंड नावाचे एकसंध राज्य नव्हते. उत्तरेला पिक्ट आणि स्कॉट लोक एका सत्तेखाली येत होते, पश्चिमेला वेल्समध्ये ब्रिटन लोकांची लहानमोठी राज्ये होती, आणि उरलेला मुलूख नॉर्थम्ब्रिया, मर्सिया, ईस्ट अँग्लिया आणि वेसेक्स या अँग्लो-सॅक्सन राज्यांत वाटलेला होता. ८६५ साली डेन लोकांची, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांची, मोठी फौज उतरली आणि पुढच्या काही वर्षांत वेसेक्स सोडून बाकीची तिन्ही राज्ये तिने पूर्णपणे किंवा अंशतः गिळली. मर्सियाचा पूर्व भाग डेन लोकांकडे गेला. ८७८ मध्ये वेसेक्सच्या आल्फ्रेड राजालाही एथेल्नीच्या दलदलीत आसरा घ्यावा लागला, पण त्याच वर्षी एडिंग्टनच्या लढाईत त्याने डेन लोकांचा पुढारी गुथ्रम याचा पराभव केला.

एथेलफ्लेड ही या आल्फ्रेडची थोरली मुलगी. तिची आई मर्सियाची होती, म्हणजे मर्सिया हे तिचे आजोळच. पुढे मर्सियाचा अधिपती एथेलरेड याच्याशी तिचे लग्न झाले. ९११ मध्ये तो वारल्यावर मर्सियाच्या लोकांनी तिलाच आपली स्वामिनी म्हणून मान्य केले. त्या काळातल्या वेसेक्समध्ये राजाच्या पत्नीला राणी हा किताबसुद्धा देत नसत, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे वजन कळते.

तिचे खरे काम तटबंदीच्या गावांचे. ही पद्धत तिच्या वडिलांची. नदीचा उतार, जुना रोमन रस्ता किंवा डोंगराची सोंड पाहून तट उभारायचा, आत वस्ती आणि बाजार बसवायचा आणि आसपासच्या गावांवर तटाच्या रखवालीची जबाबदारी टाकायची. वेसेक्समधल्या अशा गावांची एक यादी आजही उपलब्ध आहे आणि तिच्यातला हिशोब मला फार आवडतो. हाइड हे जमिनीचे त्या काळचे माप. प्रत्येक हाइडमागे एक माणूस द्यायचा आणि तटाच्या साडेपाच यार्डांवर चार माणसे उभी करायची. विंचेस्टरच्या वाट्याला २४०० हाइड होत्या. त्या हिशोबाने तट ३३०० यार्डांचा येतो आणि तिथल्या जुन्या भिंतीची लांबी मोजली तर ती जवळपास तेवढीच भरते. शत्रू अचानक उतरला तर लोकांनी कुठे धावायचे आणि तटावर कोणी उभे राहायचे, हे आधीच ठरलेले असल्यामुळे डेन लोकांच्या वेगाचा धाक कमी झाला. एथेलफ्लेडने हीच पद्धत मर्सियात नेटाने राबवली. ९१२ मध्ये ब्रिजनॉर्थ, ९१३ मध्ये टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, ९१४ मध्ये वॉरिक आणि ९१५ मध्ये रंकॉर्न येथे तिने तट बांधून घेतले. टॅमवर्थ ही तर मर्सियाच्या जुन्या राजांची गादीची जागा, त्यामुळे तिथे पुन्हा पाय रोवण्याला निराळेच मोल होते.

मग ती पुढे सरकली. ९१७ मध्ये तिच्या फौजेने डर्बी घेतले. मर्सियाच्या नोंदवहीत त्या विजयासोबतच लिहिले आहे की तिला प्रिय असलेले चार सरदार वेशीच्या आतच मारले गेले. एरवी अत्यंत कोरड्या असलेल्या त्या नोंदींत तिच्या मनाची चाहूल लागते ती इथेच. पुढच्या वर्षी लेस्टर लढाईवाचून तिच्या हाती आले आणि यॉर्कच्या काही लोकांनीही तिला निष्ठेचे वचन दिले, पण १२ जून ९१८ रोजी टॅमवर्थला तिचा मृत्यू झाला.

वेसेक्सच्या मुख्य बखरीत ती जवळजवळ दिसतच नाही. तिच्या मृत्यूच्या ओळीत ती फक्त एडवर्ड राजाची, म्हणजे आल्फ्रेडनंतर वेसेक्सच्या गादीवर बसलेल्या तिच्या भावाची, बहीण आहे. उलट आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या बखरीने तिला सॅक्सन लोकांची अतिशय विख्यात राणी म्हटले आहे, आणि त्याच बखरीत आल्फ्रेड आणि एडवर्ड यांच्या मृत्यूची नोंद नाही. मला हा वेसेक्सच्या लेखनिकांचा निव्वळ विसर वाटत नाही. मर्सियाचे वेगळेपण लोकांच्या मनात राहू नये, अशी वेसेक्सच्या दरबाराची इच्छा असावी. एथेलफ्लेडनंतर तिची मुलगी एल्फविन गादीवर आली. एका बाईनंतर तिच्या मुलीकडे राज्य जाण्याचा हा प्रकार त्या काळच्या इंग्लंडात दुसरा सापडत नाही. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात मामाने, म्हणजे एडवर्डने, तिची सत्ता काढून घेतली आणि तिला वेसेक्सला नेले. त्यानंतर तिचे काय झाले, हे मर्सियाची नोंदवही सांगत नाही.

एडवर्डचा मुलगा एथेलस्टन मात्र, बाराव्या शतकातल्या एका इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे, आत्याच्याच दरबारात वाढला. ९२७ मध्ये यॉर्क घेऊन तो साऱ्या इंग्लंडचा पहिला राजा झाला, आणि ९३७ मध्ये ब्रुननबरच्या रणात त्याने स्कॉट, स्ट्रॅथक्लाइडचे ब्रिटन आणि डब्लिनचे नॉर्स यांच्या एकत्रित फौजेला हरवले.

टॅमवर्थ तुझ्यापासून आगगाडीने जवळ आहे. तिथल्या किल्ल्यापाशी १९१३ साली, तटाला हजार वर्षे झाली म्हणून उभारलेला तिचा पुतळा आहे आणि तिच्या शेजारी लहानगा एथेलस्टन आहे. परीक्षा आटोपली की तो पाहून ये. पुढे सवड मिळाली तर ग्लॉस्टरलाही जा. तिथे सेंट ऑस्वाल्डच्या मठाचे अवशेष आहेत आणि तिला तिथेच पुरले होते. ऑस्वाल्ड हा नॉर्थम्ब्रियाचा राजा, पुढे संत मानला गेलेला. ९०९ मध्ये डेन लोकांच्या मुलखातून त्याच्या अस्थी तिथे आणवल्या गेल्या. ज्या राजाला मर्सियाच्याच लोकांनी ६४२ मध्ये रणात मारले होते, त्याच्या अस्थींना तिच्या मर्सियाने मानाने जागा दिली.

कळावे,
तुझी आई