जुनी सायकल दिसली की लगेच "निजामाच्या काळातली" म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ जूनला जागतिक सायकल दिन झाला, तेव्हा तुमच्या पेपरात वाचकांच्या जुन्या सायकलींचे फोटो आले होते, बघून लई बरं वाटलं. पण निम्म्या फोटोंखाली एकच ओळ, "निजामाच्या काळातली सायकल". आपल्या मराठवाड्यात माळ्यावरून काहीही जुनं निघालं की ते निजामाच्या काळातलं, मग कंदील असो नाहीतर सायकल. यावर लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडंही अशी एक आहे आणि तिच्याबद्दलही घरात वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत.

ती आमच्या मामांची रेसर. खाली वळलेलं हँडल, बारीक पाइपची फ्रेम, मागच्या चाकात तीन गिअरची हब (चाकाचा मधला भाग). कुणीतरी वरून निळा ऑइल पेंट फासलेला त्यामुळं कंपनीचं नाव दिसत नव्हतं. मामा म्हणायचे हैदराबादहून आली, मामी म्हणतात मुंबईहून, आणि आता मामा नाहीत, त्यामुळं विचारायचं तर सायकललाच विचारावं लागतं.

मागच्या हबवरची माती आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्यानं पुसली तर स्टर्मी-आर्चर असं नाव निघालं, त्याखाली एडब्ल्यू हे मॉडेल, आणि बारीक आकडे ५८ आणि ६. ही कंपनी हबवर साल आणि महिना ठोकायची, म्हणजे ही हब जून १९५८ ची, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला बनलेली. आता हिशोब करा, निजामाची सत्ता गेली १७ सप्टेंबर १९४८ ला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तर मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. हब त्याच्याही नंतरची.

कुणी म्हणेल चाक नंतर बदललं असेल. बरोबर आहे, म्हणूनच एका खुणेवर थांबू नये. बॉटमची, म्हणजे पायडलचा आस फिरतो तिथली, कटोरी झिजून छर्रे बाहेर यायला लागले होते, म्हणून मिस्त्रीकडं नेली. त्यानं नवी कटोरी घातली तर एक-दोन आटे फिरून ती अडकली. तो म्हणाला फ्रेमचे आटे खराब झालेत, टॅप मारून नवे आटे पाडून देतो. मी म्हटलं थांबा जरा, आधी मोजू. गेज लावला तर इंचाला २६ आटे. बाजारात मिळणारी इंग्लिश मापाची कटोरी २४ ची, आणि २६ हे रॅले या इंग्लंडच्या सायकल कंपनीचं स्वतःचं माप. टॅप मारला असता तर फ्रेमही गेली असती आणि खूणही पुसली गेली असती. पण रॅले आपल्याकडं आसनसोललाही बनायची, सेन-रॅले नावानं, त्यामुळं आट्यांवरून नुसतं घराणं कळतं, गाव कळत नाही. ते थोडंफार कळलं सीटखालच्या पाइपवरून, तिथं निळा रंग टवके होऊन उडालाय आणि खाली रेनॉल्ड्स ५३१ च्या स्टिकरचा तुकडा शिल्लक आहे. हे बर्मिंगहॅमच्या कंपनीचं हलकं, मजबूत पोलाद, १९३५ मध्ये आलेलं, चांगल्या रेसिंग सायकलींना वापरायचे. हे सगळं एकत्र धरलं तर माझं मत ती इंग्लंडचीच आहे आणि १९५८ च्या आसपासचीच आहे.

मग प्रश्न राहतो तो ती परभणीला आली कशी. त्या काळात परदेशी सायकली आणण्यावर सरकारची बंधनं होती, आणि मामा काही श्रीमंत नव्हते. मामांच्या पत्र्याच्या डब्यात एक पितळी बिल्ला सापडला, नगरपालिकेच्या सायकल कराचा, वर्ष १९६४ आणि एक नंबर. नवीन पोरांना माहीत नसेल पण तेव्हा सायकलला कर भरून असा बिल्ला लावावा लागायचा. आता नंबर आहे म्हणजे तो लिहिलेलं रजिस्टरही कुठंतरी असणारच, आणि त्यात आधीच्या मालकाचं नाव निघालं तर अर्धं कोडं सुटलं.

म्हणून तुमच्यामार्फत वाचकांना सांगणं आहे. परभणी, नांदेड, जालना, संभाजीनगर कुठंही, ज्यांच्या आजोबा-वडिलांचं सायकलचं दुकान होतं त्यांनी जुनी बिलबुकं, हप्त्याच्या वह्या रद्दीत घालू नका, कुणाची कोणती सायकल कुठून आली हे फक्त त्यातच सापडेल. भाड्यानं सायकली देणाऱ्यांच्या वह्याही तशाच. ज्यांच्याकडं सायकल आहे त्यांनी भंगारवाल्याला बोलवायच्या आधी हब पुसून बघा, सीटच्या जोडाजवळ आणि बॉटमखाली फ्रेम नंबर शोधा, फोटो काढून ठेवा. थिनर अजिबात लावू नका, रंगासोबत खालचं नावही निघून जातं, आणि रंगाऱ्याकडं टाकून नवीकोरी करायची घाई तर मुळीच नको.

आणि संपादक साहेब, तुम्ही पुढच्या वेळी असे फोटो मागवाल तेव्हा सोबत हबचा आणि फ्रेम नंबरचा फोटोही मागवा ही विनंती. १९६० च्या दशकात मराठवाड्यात गिअरची रेसर विकलेली किंवा दुरुस्त केलेली कुणाला आठवत असेल तर त्यांनी पेपरला जरूर कळवावं, मी वाट बघतोय.

आपला,
एक वाचक, परभणी