मिस्त्रीकाका, बुलेट एक इंचच खाली केल्याबद्दल आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

गाडी न्यायला आले तेव्हा उद्यमनगरातल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि हातातलं काम सोडून बोलत बसणं तुमच्या स्वभावात नाही. त्यामुळे आभार मानायचे राहिले. ते असे चारचौघांत मानते आहे, कारण जुनी जड मोटरसायकल जिवापाड आवडते पण पाय पुरत नाहीत, अशी माणसं खूप आहेत. त्यांना पहिल्याच फेरीत तुमच्यासारखा कारागीर भेटेल असं नाही.

माझी उंची ५ फूट १ इंच. गाडी मामांची, १९९४ ची कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनाची, बुलेट ३५०. चालत्या गाडीची मला कधी भीती वाटली नाही. पण बिंदू चौकातल्या गर्दीत थांबायची वेळ आली की एकच पाय टेकायचा, तोही चवड्यावर, आणि दीडशे किलोंहून जड गाडी त्या चवड्यावर तोलायची. तुमच्याकडे येण्याआधी एका गॅरेजने दुसऱ्याच कुठल्या हलक्या गाडीचे आखूड शॉकअप बसवून दिले होते. सीट खाली आली, पण मागे माणूस बसला की टायर मडगार्डला घासायचा. गगनबावड्याच्या रस्त्याला तर रबर जळाल्याचा वास यायचा. "आखूड शॉकअप म्हटल्यावर एवढं चालायचंच," असं तिथे सांगितलं गेलं.

तुम्ही आधी शॉकअपला हातच लावला नाही. गाडी मेन स्टँडवर घेतलीत, मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर फ्रेमवर खडूने खूण केलीत आणि अंतर मोजलंत. मग गाडी जमिनीवर घेऊन मोजलंत, मग मला बसवून मोजलंत. "ताई, नेहमी घालता तेच बूट घालून या," म्हणून मला घरी परत पाठवलंत तेही बरोबरच होतं. मागच्या चाकाची चाल, म्हणजे वर-खाली व्हायची जागा, जेमतेम तीन इंचांची. त्यातली पाऊण इंचाच्या आसपास चाल गाडीच्या आणि चालवणाऱ्याच्या वजनाने मिळून दबली पाहिजे. त्याहून फार जास्त दबली तर खड्ड्यासाठी काही उरत नाही, आणि काहीच दबली नाही तर चाक उंचवट्यावरून उतरताना रस्ता सोडतं. सस्पेन्शनवरचं इतकं सोपं बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मी विचारलं होतं, स्प्रिंगची रिंग सगळ्यात खालच्या खाचेत आणली तर काम भागणार नाही का? पुष्कळ जण हेच करतात. तुम्ही ती रिंग फिरवायचा सी पाना माझ्याच हातात दिलात आणि रिंग फिरवायला लावलीत. रिंग फिरवून स्प्रिंग कडक किंवा नरम होत नाही, फक्त तिचा आधीचा ताण बदलतो. गाडी थोडी खाली बसते, पण ती चालीतलं कर्ज काढून. पहिल्याच स्पीडब्रेकरला ते फेडावं लागतं.

मला दोन इंच कमी करून हवे होते. तुम्ही एका इंचाच्या पुढे जायला साफ नकार दिलात, आणि खरं तर हे पत्र त्या नकारासाठीच आहे. तेव्हा मी हिरमुसले होते. पण तुम्ही कारण सांगितलंत. बुलेटच्या दोन चाकांमधलं अंतर ५४ इंच. मागून एक इंच उतरवलं की पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांचा, कल साधारण एक अंशाने वाढतो, दोन इंचांना दोन अंश. हँडल जड होतं, वळणावर गाडी वळायला तयार होत नाही. इतर कित्येक गाड्यांत फोर्कच्या नळ्या वर सरकवून पुढचंही तेवढंच खाली घेता येतं. या बुलेटच्या नळ्या वर कॅस्केटमध्येच, म्हणजे हेडलाइट बसतो त्या खोक्यातच, अडकवलेल्या, त्या सरकत नाहीत. म्हणजे मागून जे कराल ते पुढून भरून काढायची सोय नाही. १९४९ च्या मॉडेलपासून बुलेटला मागचं चाक धरणारा, पिनवर वर-खाली हलणारा चिमटा आणि दोन शॉकअप आहेत. त्या बनावटीला काय झेपतं हे तुम्ही हातांनी ओळखता.

शॉकअप एक इंच आखूड केला तरी सीट सहाच सूत (पाऊण इंच) खाली येणार, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, कारण सीट मागच्या चाकाच्या बरोबर वर नसते, थोडी पुढे असते. उरलेलं सीटवाल्याकडून पुढचा फोम दोन्ही बाजूंनी उतरवून काढलंत. रुंदी कमी झाली आणि पाय सरळ खाली गेले. माझ्या मते निम्मा फरक त्यानेच पडला.

नवी जोडी आल्यावर तुम्ही तिच्या स्प्रिंगा काढल्यात. नुसते दांडे गाडीला लावून मागची बाजू हळूहळू खाली सोडलीत, आतलं रबर पूर्ण चेपेपर्यंत, आणि टायर व मडगार्डमध्ये बोटं घालून पाहिलंत. फट चार सूत. पण नंबरप्लेटच्या पट्टीचा एक बोल्ट आत डोकावत होता, त्याचं टोक टायरच्या अगदी जवळ येत होतं. तो तुम्ही उलटा घातलात, डोकं आत आणि नट बाहेर. आधीच्या शॉकअपवर टायरला पडलेला ओरखडा नेमका त्याच रेषेत होता! शॉकअपच्या खालच्या डोळ्याचा, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकाचा, बुश सैल निघाला तर कागद गुंडाळून भागवलं नाहीत, लेथवर नवा करून घेतलात.

बाकीची कामं मला सुचलीही नसती. मागून गाडी उतरली की मेन स्टँडवर चढवायला जास्त उचलावी लागते. किक मारायला मला रोज तो स्टँड लागतो, म्हणून त्याचे पाय कापून पुन्हा वेल्ड केलेत. साइड स्टँडही आखूड केलात, नाहीतर गाडी जवळपास उभीच राहिली असती आणि उजवीकडे कोसळली असती. चेन आम्हा दोघांना बसवून तपासलीत, कारण गिअरबॉक्सचं चक्र, चिमट्याचा पिन आणि मागचा आस एका रेषेत आले की ती सगळ्यात जास्त ताणते. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइट खाली घेतलात. एक अंश म्हणजे २५ फुटांवर जवळपास पाच इंच. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत गेला असता.

स्प्रिंगची रिंग एकटी असताना दुसऱ्या खाचेत, हे मागे बसले की चौथ्या, दोन्ही बाजू सारख्याच. पाठ केलंय. मागची बाजू दाबून सोडली की गाडी एकदाच वर येते आणि थांबते, डुलत नाही. रोज सकाळी निघण्याआधी मी ते करून बघते, गरज नसली तरी.

आता दोन्ही चवडे पूर्ण टेकतात. टाचा अजून अधांतरी आहेत, आणि तेवढं मला पुरतं. गेल्या आठवड्यात पन्हाळ्याच्या चढाला ट्रकमागे थांबावं लागलं, मागे हे बसलेले. गाडी तसूभरही हलली नाही.

तुम्ही मजुरी सांगितलीत ती कमी होती. त्यावर वाद घातलेला तुम्हाला चालत नाही, म्हणून इथे घालते. स्टँडच्या वेल्डिंगचे आणि बुशचे पैसे तुम्ही धरलेलेच नाहीत. पावसाळा संपला की बुश तपासायला येईन तेव्हा ते घ्यावे लागतील. शिवाय माझी एक सहकारी तिच्या वडिलांची जुनी येझदी घेऊन बरोबर येणार आहे. तिची उंची माझ्याहून एक इंच कमी आहे. नेहमीचे बूट घालूनच ये, असं तिला सांगून ठेवलं आहे.

आपली कृतज्ञ,
बुलेटवाली ताई
कोल्हापूर