रिपोर्ट नॉर्मल आला, तरी तुम्ही फाईल मिटली नाहीत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
स. न. वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून जाहीरच लिहिते.

बाळ जन्मापासून लुळं. दूध ओढायची ताकद नाही. एक्सोमचा, म्हणजे जनुकांच्या तपासणीचा, रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरचे म्हणाले, सुटलो. तुम्ही बाळाचा हात उचलून सोडून बघितलात. "एक्सोम म्हणजे सगळ्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, जेमतेम एक-दोन टक्के भाग. त्यातली अक्षरं बरोबर आहेत. पण कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे त्यात दिसत नाही," म्हणालात आणि मिथायलेशनची, म्हणजे जनुकं बंद करणाऱ्या रासायनिक खुणांची, तपासणी लिहून दिलीत.

निदान निघालं प्रॅडर-विली, एक जन्मजात जनुकीय आजार. औषधाच्या पाकिटावर तुम्ही पंधराव्या गुणसूत्राच्या दोन काड्या काढल्यात, आईची लाल, वडिलांची निळी. आईकडच्या प्रतीवरची काही जनुकं मिथाइल बसून मुळातच बंद असतात. काम करायचं ते वडिलांकडच्या प्रतीनं. मग निळी काडी खोडून तिथं दुसरी लाल काढलीत. आमच्या बाळात दोन्ही प्रती माझ्याच. अक्षरात चूक नाही, पण काम करणारं कुणी नाही. ते पाकीट अजून फाईलला टाचलेलं आहे.

खरे आभार पुढच्या गोष्टीचे. सासूबाई ग्रहणात चिरलेल्या भाजीवर अडून बसल्या होत्या. तुम्ही त्यांना आत बोलावून खुर्ची दिलीत. "आजी, बीज तयार होतानाच गुणसूत्रांची वाटणी चुकली. त्याला ना ग्रहण कारण, ना सून." पुढच्या बाळाला धोका एक टक्क्याहूनही कमी, हेही त्यांनाच सांगितलंत. त्या दिवसापासून घरात ग्रहणाचं नाव नाही.

भूक पुढे आवरणार नाही, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत, म्हणून वजन हाताबाहेर गेलं नाही. ग्रोथ हार्मोननं अंगात जोर आला. पण आपल्या कोल्हापुरात "अजून अर्धी भाकरी घे" म्हटल्याशिवाय कुणी ताटावरून उठू देत नाही. इथं पोराला वाढू नका म्हणणं म्हणजे वैर घेणं! फडताळाला कुलूप बघून पाहुणे काय समजत असतील, देव जाणे. हल्ली सासूबाईच त्यांना दारात गाठून सांगतात, "ह्येला खायला काय द्यायचं न्हाई, मॅडमनी सांगितलंय."

शाळेसाठी तुम्ही दिलेलं पत्र बाईंनी नीट वाचलं. डबा आता त्यांच्याच टेबलावर असतो. पुढच्या महिन्यात वजनाचा तक्ता घेऊन येते.

आपली,
राजारामपुरीतली एक आई