प्लग बघून नको, पेट्रोल बघून कर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छत्रपती संभाजीनगरात कारखाना काढण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. गुंतवणूक सुमारे २० हजार कोटींची. आपल्याकडे तेव्हापासून बोलणं चाललंय ते कारखाना होणार त्या बिडकीनच्या जमिनीच्या भावाचं आणि पोरांच्या नोकऱ्यांचं. ही कंपनी ज्यासाठी ओळखली जाते ती हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी आपल्या रस्त्यावर परवडते का, हे मी सांगतो. माझं पोट त्यावरच आहे.

अंबाजोगाईत माझी टूरिस्ट परमिटची गाडी आहे. भाडी बहुतेक पेशंटची. कधी लातूर, नाहीतर केज, मांजरसुंबा, बीड करत थेट संभाजीनगरचा घाटी दवाखाना. आधी डिझेल होती, आता स्ट्राँग हायब्रिड आहे, म्हणजे मोटर एकटीनेही काही अंतर गाडी ओढते. फरक सगळ्यात जास्त कळतो तो गाडी उभी असताना. मे महिन्याचं ऊन, पेशंट आत तपासणीला आणि म्हातारी आई मागच्या सीटवर आडवी. डिझेल गाडीत एसी लावायचा म्हणजे इंजिन घरघरत ठेवायचं. हायब्रिडचा एसी बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप लागतं, जरा वेळाने गप्प होतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक लावला की मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते. कंपन्या लिटरला २७.९७ किलोमीटरचं मायलेज सांगतात ते काही पडत नाही, पण बावीसच्या आसपास पडतं. समृद्धीवर एकसारखं एकशेवीसने पळवलं तर तेवढंही नाही. ब्रेकच लागत नाही, तर बॅटरी फुकटात भरणार कशाने?

इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही. गावातली स्कूटर, रिक्षा आजच विजेवर जावी. पण डायलिसिसचा पेशंट मागे असताना चार्जरपाशी आधीच एक गाडी लागलेली दिसली, तर मी काय सांगू त्याला? आणि आपली वीज तरी कुठली, परळीच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच केलेली. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे वीजनिर्मिती संचही बंद ठेवावे लागले होते. पुढची दहा-बारा वर्षं तालुक्याच्या गावांना मधला रस्ता लागणार आहे आणि सरकार नेमकं त्यालाच ओळखत नाही. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा छोट्या हायब्रिडला १८ टक्के झाले, पण अट चार मीटर लांबीची आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आतलं. बाजारातल्या स्ट्राँग हायब्रिड त्याहून मोठ्या, त्यांना ४० टक्के. समृद्धीवर टोलमाफी तीही इलेक्ट्रिकलाच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. आपल्याकडे तेवढं तरी व्हावं, निदान दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या परमिटच्या गाड्यांना.

मात्र नुसतं हायब्रिड नाव बघून सवलत नको. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या २०१५ च्या फेम योजनेत माइल्ड हायब्रिडलाही अनुदान मिळालं. त्या गाडीची मोटर इंजिनला नुसता हात देते, एकटीने गाडी ओढत नाही. शेवटी २०१७ मध्ये ते बंद करावं लागलं. किलोमीटरमागे पेट्रोल किती जळतं ते मोजा आणि त्यावर कर ठरवा. मग नावाचा प्रश्नच येत नाही.

खरी अडचण दुरुस्तीची आहे. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. भाड्याची गाडी तेवढी कितीतरी आधी पळते. सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते. आपल्या काळ्या मातीची धूळ तिच्यात बसते आणि प्रवासी नेमकी तिथेच पिशवी टेकवतात. ती जाळी मी स्वतः साफ करतो. पण नारिंगी वायर दिसली की गावातले मिस्त्री हात मागे घेतात, आणि बरोबरच आहे त्यांचं, तिच्यात जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब असतो. कारखाना बिडकीनला येणार असेल तर अंबाजोगाई, परळी, गेवराईच्या आयटीआयमध्ये या कामाचा वर्ग आत्ताच सुरू करा. पहिली गाडी बाहेर पडेपर्यंत पोरं तयार असतील.

आपला,
एक टूरिस्ट गाडीवाला, अंबाजोगाई (जि. बीड)