बावट्याची गोष्ट

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

मिरकरवाड्याच्या बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला आणि तुझ्या धाकट्या भावाची होडी अर्ध्या वाटेवरून सुखरूप परत आली, हे वाचून जीव भांड्यात पडला. बावटा लावण्याची ही रीत कुठून आली, असे तू विचारले आहेस. तिचे एक मूळ १८५९ सालच्या एका रात्रीत आहे. त्या रात्री ज्या दोन लोखंडी जहाजांना एकाच वादळाने गाठले, त्यांची हकीकत तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिले 'ग्रेट ईस्टर्न'. ब्रुनेल या अभियंत्याने ते लंडनजवळ मिलवॉल येथे बांधले. त्याची लांबी ६९२ फूट होती. नेहमीसारखे पिछाडीकडून लोटले असते तर ते थेम्सच्या पलीकडच्या काठाला रुतले असते, म्हणून ते नदीला समांतर बांधून आडवे पाण्यात उतरवायचे ठरले. ३ नोव्हेंबर १८५७ हा जलावतरणाचा दिवस. निशाणांच्या खुणांवर काम चालायचे असल्याने ब्रुनेलला पूर्ण शांतता हवी होती, आणि कंपनीने तर तमाशा पाहायला हजारो तिकिटे विकून ठेवली होती. पिछाडी अचानक घसरली, साखळदंडाला हिसका बसून रहाट उलटा फिरला आणि त्याच्या दांड्यांनी मजूर हवेत भिरकावले गेले. त्यांतला एक म्हातारा मजूर पुढे दगावला. जहाज जेमतेम काही फूट सरकून अडले, ते जलदाबाच्या यंत्रांनी ढकलत ढकलत ३१ जानेवारी १८५८ रोजी एकदाचे पाण्याला लागले. एवढ्या मोठ्या जहाजाच्या गोष्टीत मला मात्र सारखा तो रहाटावरचा म्हाताराच दिसतो.

दुसरे 'रॉयल चार्टर'. ऑस्ट्रेलियातल्या खाणींचे सोने आणि घरी परतणारी माणसे घेऊन ते मेलबर्नहून लिव्हरपूलला निघाले होते, आणि घर एका दिवसावर आले होते. २५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री वेल्सच्या अँगलसी बेटाजवळ वादळाने त्याला किनाऱ्याकडे रेटले. नांगर टाकले, त्यांच्या साखळ्या तुटल्या. डोलकाठ्या तोडल्या, तरी वारा हटला नाही आणि त्याचे दुबळे इंजिन त्या वाऱ्यापुढे टिकले नाही. मोएल्फ्रे गावाच्या खडकांवर पहाटे ते फुटले. जोसेफ रॉजर्स नावाचा माल्टाचा खलाशी कमरेला दोर बांधून त्या लाटांतून पोहत काठाला लागला, म्हणून काही जण तरी वाचले. सुमारे साडेचारशे माणसे गेली. एकही बाई, एकही मूल वाचले नाही. कित्येकांनी सोने अंगाला बांधले होते आणि त्याच ओझ्याने ते बुडाले.

त्याच रात्री तिथून जवळच, होलीहेडच्या बंदरात, 'ग्रेट ईस्टर्न' उभे होते. ते तगले.

या आघातानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचा प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय स्वस्थ बसला नाही. वादळ सरकत येते आणि तार त्याच्या आधी पोहोचते, हे ओळखून त्याने फेब्रुवारी १८६१ पासून बंदरांना तारेने इशारे धाडायला सुरुवात केली. तार मिळताच काठीवर शंकू चढे : वादळ उत्तरेकडचे असेल तर टोक वर, दक्षिणेकडचे असेल तर खाली. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही ते लांबून कळे.

'ग्रेट ईस्टर्न' पुढे आपल्याकडेही आले. १८७० च्या फेब्रुवारीत मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालची तार टाकली ती त्यानेच.

बावटा उतरला की नाही, ते लगेच कळव. आणि भावाला माझ्याकडून निक्षून सांग, की तो उतरेपर्यंत होडीचा दोर सोडू नकोस.

तुझाच,
बालमित्र