कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, ते तुम्हाला चालणार नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण ज्या गोष्टीसाठी ते मानायचे ती आपल्याकडे चारचौघांत कधी बोललीच जात नाही.

मी आणि माझा नवरा बदलापूरला राहतो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आम्ही एकमेकांना सांगू शकलो की मला स्वतःला त्याच्या ताब्यात द्यायला आवडतं, आणि त्याला तो ताबा घ्यायला आवडतो. सांगून झालं, पण पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. ज्या समुपदेशकांकडे गेलो त्यांनी मला आत्मसन्मान वाढवायला सांगितलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की परतीच्या गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

आपल्यासारखे लोक भेटतात ते वांद्र्याला, अंधेरीला, तेही रात्री. दादरला गाडी बदलून बदलापूरला परतायचं, घरी सासूबाई जाग्या. म्हणजे आमच्यासाठी ते असून नसल्यासारखंच. ही अडचण तुम्ही ओळखलीत आणि भेट ठाण्याला आणलीत. रविवारी सकाळी अकराला, स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलात, इडली-कॉफीवर. 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला काही मंडळी अशीच बर्गर खायला जमायची, तिथून ही साध्या कपड्यांतली भेटीची पद्धत जगभर गेली, हे तुम्हीच सांगितलंत. फोटो नाही. खरं नाव, ऑफिस, सोसायटी विचारायची नाही. न विचारता खांद्यावरही हात ठेवायचा नाही. त्या टेबलाभोवती एक पन्नाशीचे गृहस्थ होते, दोन पुरुषांचं एक जोडपं होतं, नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी होती. दोरीच्या गाठी आणि घरमालकाचा जाच, दोन्ही विषय एकाच आवाजात चालले होते. तासाभरात माझ्या नवऱ्याचे खांदे सैल झालेले मी पाहिले.

त्याच्याबद्दल तुम्ही जे केलंत त्याचे आभार मला सगळ्यांत आधी मानायचे आहेत. त्याच्या लहानपणी त्याचे वडील आईवर हात उचलायचे. माझ्यावर हुकूम चालवताना त्याला जो आनंद व्हायचा, त्याचीच त्याला भीती वाटायची. बाकीचे सगळे माझी काळजी करत होते. तुम्ही त्याला बाजूला बसवून विचारलंत, "ती 'थांब' म्हणाली तर तुमचं काय होतं?" तो म्हणाला, "मी थांबतो. आणि मग मला रडू येतं." तुम्ही सांगितलंत की थांबवण्याचा शब्द त्याच्यासाठीही आहे, ताबा घेणाऱ्यालाही मध्येच 'लाल' म्हणता येतं. हे त्याला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानंतर दोनदा-तीनदा त्यानं तो शब्द वापरला, आणि माझा त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला.

मग तुम्ही आम्हाला कागद दिलेत. दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं: हो, नाही, बघू. 'नाही'च्या रकान्याचं कारण द्यायचं नाही आणि मागायचंही नाही. माझा पगार, माहेर, डॉक्टर आणि नोकरी हे सगळं मी कराराबाहेर ठेवलं. शुक्रवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत तो सांगेल तसं, आणि रविवारी चहाबरोबर आढावा: काय आवडलं, काय खुपलं, काय बंद करायचं.

माझ्या मनात एक प्रश्न फार वर्षांपासून होता. माझ्या आजीनं आयुष्यभर मान खाली घातली, आई भांडून बाहेर पडली, शिकली, आणि मी पुन्हा तिथेच चालले आहे का? तुम्ही म्हणालात, "आजीला कुणी विचारलं होतं का? तिला रविवारी संध्याकाळी 'आता पुरे' म्हणता येत होतं का?" या उत्तरानंतर मला दुसरं कुठलं उत्तर शोधावं लागलं नाही. आपला कायदा अजूनही लग्नात बायकोची संमती गृहीत धरतो, भारतीय न्याय संहितेतही तो अपवाद तसाच राहिला आहे. तुम्ही माझ्या नवऱ्याला बजावलंत, "कायदा धरतो, तुम्ही धरायची नाही. दर वेळी विचारायचं." आणि गंभीर दुखापतीला दिलेली संमती कायद्यापुढे टिकत नाही, हेही तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंत.

दीड खोलीच्या घरात, हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या असताना हे सगळं करायचं कसं, हा प्रश्न वांद्र्याच्या लोकांना पडत नसावा. तुम्हाला तो माहीत होता. सत्ता द्यायला-घ्यायला आवाज लागत नाही, वेगळी खोलीही लागत नाही, हे तुम्ही शिकवलंत. आज कुठला ड्रेस घालायचा ते तो ठरवतो. फोन किती वाजता बाजूला ठेवायचा ते तो सांगतो. जेवताना मी त्याच्या परवानगीसाठी अर्धा क्षण थांबते, समोर बसलेल्या माणसालाही ते कळत नाही. माझं मन त्या अर्ध्या क्षणात जेवढं शांत होतं तेवढं इतर कशानंही होत नाही.

एका मंगळवारी ऑफिसात काही कारण नसताना मला रडू कोसळलं. तुम्हाला मेसेज केला. तुम्ही लगेच फोन करून सांगितलंत की हा ड्रॉप आहे, ताबा देण्या-घेण्यानंतर मन एकदम खाली जातं तो, दोन दिवसांनीसुद्धा येतो, काहीतरी गोड खा, त्याला कळव, आज लवकर झोप. त्या रात्री त्यानं वरणभात केला आणि माझे पाय चेपले. आफ्टरकेअर, म्हणजे नंतर एकमेकांची घ्यायची काळजी, हा शब्द मी वाचला होता, पण तो मंगळवारीही लागू होतो हे तुमच्यामुळे कळलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली आणि तीत संमतीनं केलेला सॅडोमॅसोकिझम, म्हणजे वेदना देण्या-घेण्यातलं सुख, आजार म्हणून उरलेला नाही. तुम्ही त्या पानाची प्रत काढून पिशवीत ठेवता, नव्या माणसाच्या हातात देता. त्या नोकरीला लागलेल्या मुलीकडे एकजण स्वतःला 'मास्टर' म्हणवून फोटो मागत होता. तुम्ही तिला सांगितलंत की जो पहिल्याच दिवशी हुकूम देतो त्याला उत्तरही देऊ नकोस, आधी सार्वजनिक जागी भेट, कुठे आहेस ते मैत्रिणीला कळव, त्याला ओळखणाऱ्या दोघांना विचार. तेव्हा ती समोर मान हलवत होती आणि मला वाटत होतं, माझ्या विशीत मला तुम्ही भेटायला हव्या होतात.

ताई, दर वेळी बिल तुम्हीच भरता आणि कुणालाही पाकीट काढू देत नाही. पुढच्या रविवारपासून आम्ही सगळे मिळून भरणार आहोत, तसं आपसात ठरलं आहे. डोंबिवलीचं एक नवं जोडपं यायचं म्हणतंय, दोघंही फार घाबरलेले आहेत. त्यांना स्टेशनवरून आम्ही घेऊन येतो, तुम्ही उन्हात उभ्या राहू नका.

तुमचीच,
बदलापूरहून येणारी